दुसऱ्या गावात म्हणायचं गाणं

बांगड्या भरताना कुणी सिनेमाचं गाणं सुरू केलं की आपा हातातला हात टाकून द्यायची. टाकून म्हणजे खरोखर आपटून. "हे गानं साऱ्याईचं हाय. हाटेलात वाजते, टॅक्सीत वाजते. मले तुयं सांग." समोरची बाई लाजायची, पदर तोंडाशी धरायची, "मले नाई येत वो आपा" म्हणायची, आणि आपा डब्याचं झाकण लावून उठायला लागायची. नाटक नाही, खरंच उठायची. नवी सून असो की पाटलीणबाई असो, गाणं नाही तर बांगडी नाही. असा धंदा कुणी करतं का, सांगा? पण ती करायची, आणि साऱ्या कुरखेड्यातल्या बाया तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात हात देत नव्हत्या.

कारण होतं त्याला. काचेची बांगडी चढवताना अंगठ्याखालचं हाड आडवं येतं. बाई भीतीनं हात आवळते, बांगडी फुटते, रक्त निघतं. बाकीचे चुडीवाले साबण लावायचे, तेल लावायचे. आपाला साबणाचा राग. तिचं म्हणणं, बाई आपलं स्वतःचं गाणं म्हणायला लागली की दुसऱ्या कडव्यापर्यंत हात विसरून जाते. हात ढिला पडला की आपा सर्रकन बांगड्या वर न्यायची, बाईला कळायचंसुद्धा नाही. "सिनेमाच्या गान्यात बाई सूर सांभाळत बसते. आवाज चांगला निघाला का, कोन आयकून राह्यलं का. हात लाकडावानी राह्यते मंग."

ती उंच होती, सावळी, हाडापेरानं मोठी. थंडी असो-नसो, अंगात एक खाकी स्वेटर असायचा. तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो कुणासोबत तरी वडशाकडे निघून गेला तो गेलाच. स्वेटर मागं राहिला. "कामाची चीज तेवढी सोडून गेला," असं ती चारचौघींत सांगायची आणि स्वतःच हसायची. तिच्या तोंडाला फाटक नव्हतं. बांगडी भरताना एखादी बाई मधेच गप्प बसली तर अशी शिवी यायची की शेजारच्या घरातली म्हातारी दार लावून घ्यायची. आम्हा पोरींना ती आवडायची नाही. मला तर अजिबात नाही, आणि ते सांगायला मी आजही लाजत नाही.

गाणं झालं की तिचे प्रश्न सुरू व्हायचे. हे कोनापासून आयकलं? कवा म्हनत होती? तवा पाऊस होता का? सोबत कोन होतं? बाया आधी एखादा शब्द बोलायच्या आणि मग बोलतच राहायच्या. बहिणीचं लग्न, मेलेलं लेकरू, माहेरचा मोहफुलाचा हंगाम, सगळं निघायचं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तर आपा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन बसायची आणि चिखलानं भरलेले हात पुसायला लावायची.

वर्षातले काही महिने ती मुलचेऱ्याला बहिणीकडे राहायची. तिकडे बंगाली लोकांची गावं आहेत, फाळणीनंतर सरकारनं आणून वसवलेली. त्या बायांची गाणी सगळी पाण्याची. नदी, नाव, पूर, पलीकडचा काठ. आपा ती गाणी बोचक्यासोबत कुरखेड्याला घेऊन यायची आणि आमच्या बायांना द्यायची. आमच्याकडच्या बाया गुडघाभर चिखलात वाकून बंगाली नावाड्याचं गाणं म्हणायच्या, एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना. आणि आमच्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली, लग्नातली गाणी तिकडं शाखा-पोला, म्हणजे शंखाच्या नि पोवळ्याच्या बांगड्या घातलेल्या बंगाली हातांवर चढायची. गोंड बायांची गाणी दोन्हीकडं. एकदा आठवडी बाजारात ती असंच एक गोंडी गाणं म्हणत बसली होती, तर खेड्यावरून आलेली एक म्हातारी टोपली खाली ठेवून तिच्या अंगावर धावून आली. ते गाणं म्हणे नवा मोहफूल देवाला वाहिल्याशिवाय म्हणायचंच नसतं, आणि ही भर पावसाळ्यात बाजारात म्हणत होती. मला वाटलं, आता आपा तिची चटणी करते. पण आपानं स्वतःचे कान धरले. बाजारात, लोकांसमोर. त्या दिवसापासून तिच्या प्रश्नांत आणखी एक वाढला: "हे कवा नाई म्हनाचं?"

एक साहेबाची बायको होती, पुण्याकडची. संक्रांतीला तिनं आपाला बंगल्यावर बोलावलं. मायसोबत मीही गेले होते, तिळगुळाच्या आशेनं. बाई म्हणाली, मला गाणं-बिणं येत नाही, तुम्ही बांगड्या भरा. आपा म्हणाली, मंग सोन्याच्या घाला, त्याईले गानं लागत नाई. बाईचा चेहरा लालबुंद. शेवटी हट्टानं तिनं शाळेतली प्रार्थना सुरू केली. आपानं दोन ओळी ऐकल्या. "हे तुमचं नाई. हे हेडमास्तरचं हाय." मला हसू आलं आणि मायनं मला चिमटा काढला. मग ती बाई एकाएकी एक भोंडल्याचं गाणं म्हणायला लागली, अगदी लहान पोरीच्या आवाजात, मधले शब्द गाळत. आपाला इतक्या हळुवार हातानं बांगड्या भरताना मी कधी पाहिलं नव्हतं. निघताना बाईनं तिला फाटकापर्यंत सोडलं. साहेबाची बायको, चुडीवालीला!

तर अशी सगळ्यांची गाणी सगळीकडं वाटत फिरणारी ही बाई, पण तिचा एक नेम होता आणि त्या नेमावर माझं तिच्याशी वाजलं. ज्या बाईचं गाणं, त्या बाईच्या गावात ती ते कधी म्हणायची नाही. कुरखेड्याचं मुलचेऱ्यात म्हणेल, मुलचेऱ्याचं कुरखेड्यात म्हणेल. पण जिथलं तिथं नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही.

आता माझ्या मायबद्दल सांगते.

आमच्या घरी बांगड्या फार फुटायच्या. बाप मारायचा. हे मी सरळ लिहून टाकते, कारण आमच्या गल्लीत हे साऱ्यांना ठाऊक होतं आणि एकाही माणसानं ते तोंडातून काढलं नाही. काढणार कसं? माझा बाप म्हणजे लटारूजी. भजन मंडळाचे लटारूजी. राईस मिलवर कामाला, पण गावात ओळख भजनाची. त्याचा आवाज इतका गोड होता की जुनी माणसं डोळे मिटून मान हलवायची. भजन संपलं की लोक त्याच्या पाया पडायचे. घरी आला की त्याच पायातली चप्पल काढून हातात घ्यायचा. भाजीत मीठ कमी, मीठ जास्त, दार उघडायला उशीर, कारण काय ते मला कधी कळलं नाही आणि मायला विचारलं तर ती म्हणायची, "जाऊ दे वो, अभ्यास कर."

घरात बाईनं गायचं नाही, हा त्याचा कायदा. गाणं म्हणजे त्याचं. माय जात्यावर बसली तरी ओठ मिटून दळायची. आणि त्याचं नाव तर ती कधीच घ्यायची नाही. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीतच, पण बाकी बाया निदान उखाण्यात घ्यायच्या. माय हळदीकुंकवातून उखाण्याची वेळ आली की उठून जायची. एकदा तिला दवाखान्यात नेलं, तिथं विचारलं, पतीचं नाव काय? ती माझ्याकडं पाहत राहिली. मी म्हटलं, लटारू. लिहिणारा हसला, कारण हे नाव चंद्रपूर-गडचिरोली सोडून कुठं फारसं सापडत नाही, आणि तो बाहेरचा होता.

बांगड्या फुटल्या की माय आपाला निरोप धाडायची. गल्लीतले पुरुष म्हणायचे, लटारूजीच्या बायकोले चुड्यांचा भारी शौक. बापही लोकांसमोर हसत म्हणायचा, काय करता, बाईची जात. मला आजही ते हसणं आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आपा आली की माय आमच्या गोठ्यामागं बसायची, सोबत शेजारच्या दोन-चार बाया. बाप मिलवर गेलेला असायचा. आम्हा पोरांना आपा हाकलून द्यायची. "चला, पळा इथून, नाई तर चुडी नाकात घालीन!" मी भिंतीआड उभी राहायची. मायचा आवाज यायचा, अगदी बारीक, शब्द काही कळायचे नाहीत. आणि मग बायांचं हसू. पोट धरून हसायच्या त्या. माझी माय, जी घरात हसताना दात दिसू देत नव्हती, ती चार बायांना असं हसवायची. नंतर मी एकीला विचारलं, काकू, माय कोणतं गाणं म्हणते? तिनं पदरात तोंड घातलं. "तुया मायचं गानं? अवो माय! तुया मायलेच विचार." मायला विचारलं तर ती म्हणाली, "कोन्तं गानं? मले नाई येत." माझ्या तोंडावर खोटं बोलली.

मी गडचिरोलीला नर्सिंगला होते तेव्हा माय गेली. हिवताप डोक्यात चढला. मी एसटीनं घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवायचं, हिरव्या बांगड्या भरायच्या. आपाला बोलावणं गेलं. ती आली, मायजवळ बसली, मायचा हात हातात घेतला. तो हात आता थंड, ताठ. बाया म्हणाल्या, आपा, तेल लाव, आता काय. आपा म्हणाली, "साऱ्या बाहेर व्हा." मलाही. मी जागची हलले नाही तर माझ्या दंडाला धरून तिनं मला उंबऱ्याबाहेर काढलं आणि दार लावलं. माझ्या आईच्या मढ्याजवळून मला बाहेर काढणारी ही कोण? मी दारावर हात आपटला. मग मला आतून तिचा आवाज आला. ती म्हणत होती. मायचंच गाणं असणार, दुसरं कोणतं?

आणि त्याच वेळी अंगणात भजन सुरू झालं. बापानं मंडळ बोलावलं होतं. टाळ, मृदंग, पेटी, वरून भोंगा. काय आवाज लागला होता त्या दिवशी त्याचा! माणसं रडत होती. एवढं प्रेम कुणाचं नसते म्हणत होती. मी दाराला कान लावून उभी होते आणि मला त्याच्या भजनाशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. मी ओरडले, बंद करा ते! बायांनी मला धरलं, पोर बावरली म्हणून पाणी पाजलं. दार उघडलं तेव्हा मायच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या होत्या, एकही फुटलेली नाही.

तेरवी झाल्यावर मी आपाच्या घरी गेले. म्हटलं, मायचं गाणं सांगा.

"नाई."

"काऊन नाई?"

"तुले माया नेम ठाऊक हाय."

"नेम चुलीत घाला. ती मेली. आता कोनाचं गाव अन् कोनाची बाई? मी तिची पोरगी हाय. तिचं लुगडं मावशीनं नेलं, डोरलं बापानं ठेवून घेतलं. मले तेवढं एक द्या."

ती बांगड्या रंगानं निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुया बाप जिता हाय अजून. जाय, शिक्षन पुरं कर."

"माह्या बापाचा काय संबंध?"

"जाय म्हनलं ना."

मी तिला नाही नाही ते बोलले. नवऱ्यानं सोडलेली, दुसऱ्याच्या बायांचं सुखदुःख विकून खाणारी, सगळं बोलले. ती नेहमीची असती तर तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी तिनं फक्त दार दाखवलं. मी बाहेर पडले ती शपथ घेऊन, की या बाईचं तोंड परत पाहायचं नाही.

नर्स झाले, फिरत फिरत बदली मुलचेरा तालुक्यात झाली. बंगाली गावांतलं उपकेंद्र. मी त्यांची नर्सदिदी. आठवड्यातून एकदा लसीचा डबा घेऊन गावोगाव जायचं, गरोदर बायांना तपासायचं. माणसं चांगली होती. मासा-भात खाल्ल्याशिवाय सोडत नसत. आपाची बहीण मुलचेऱ्यातच राहते हे मला ठाऊक होतं. मी त्या गल्लीला जायचं टाळायची.

अशाच एका गावात लग्नघर होतं. एका गरोदर बाईला इंजेक्शन द्यायचं होतं आणि ती लग्नघरी गेलेली, म्हणून मी तिथं गेले. सकाळची वेळ, अंगणात नवरीला हळद लावत होते. बाया गोल करून बसलेल्या. नवरीला बांगड्या भरणं चालू होतं, भरणारी त्यांच्यातलीच एक तरुण पोरगी. आणि बाया टाळ्या वाजवत गात होत्या. अर्धं बंगाली, अर्धं आमच्याकडचं. मी डबा खाली ठेवला, सिरिंज काढली, आणि माझ्या कानावर आलं:

लोटारूर मुखे देव गो, हातामंधी काठी
देव गॅलो पालिये गो, काठी माझ्या पाठी

आणि मग ते हसू. पोट धरून.

सिरिंज माझ्या हातात तशीच राहिली. पुन्हा तीच ओळ आली, तोंडात देव, हातात काठी, देव गेला पळून. लोटारू. बंगाली तोंडात गोल झालेलं, पण माझ्या बापाचं नाव. दीडशे किलोमीटर दूर, जिथं त्याचं कधी पाऊल पडलं नाही, जिथल्या कुणाला कुरखेडा कुठं आहे ते माहीत नाही, तिथं. मी बाजूच्या म्हातारीला विचारलं, मासी, ये लोटारू कौन है?

"कौन? कोई नहीं." ती पान चघळत म्हणाली. "जो आदमी औरत को मारता है, उसको हम लोटारू बोलते हैं." मग तिनं रस्त्याकडं बोट केलं. सायकलवरून एक माणूस चालला होता. "वो देखो, एक लोटारू जा रहा है." साऱ्या बाया खदखदल्या. त्या माणसानं ऐकलं असावं, कारण त्यानं मान खाली घालून पायडल जोरात मारायला सुरुवात केली.

मी त्या बाईला इंजेक्शन दिलं. डबा बंद केला. आणि मिळाली ती पहिली जीप धरून मुलचेऱ्याला गेले. शपथ गेली चुलीत.

आपा बहिणीच्या ओसरीवर खाटेवर बसली होती. म्हातारी झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण स्वेटर तोच. मी चप्पल न काढता ओसरीवर चढले.

"माह्या मायचं गानं साऱ्या जिल्ह्याले वाटलं तुमी. त्या बाया लग्नात म्हनून राह्यल्या. माह्या बापाच्या नावाची शिवी झाली तिथी!"

तिनं डोळे बारीक करून मला ओळखलं. "बस."

"बसत नाई मी."

"मंग उभी राय. बापाची बेइज्जती झाली म्हनून आली का?"

"बाप गेला खड्ड्यात!" मी इतक्या जोरात बोलले की तिची बहीण आतून डोकावली. "त्या परक्या बायाईले भेटलं माह्या मायचं गानं. त्याईच्या लेकराईले पाठ हाय. अन् मले नाई! मी तुमच्या दारात भीक मागतली होती. मले हाकलून देल्लं तुमी. तिनं तोंडानं कवा त्याचं नाव नाई घेतलं, अन् गान्यात घेतलं, अन् मले, तिच्या पोटच्या पोरीले, मले ठाऊक नाई!" मला रडू फुटलं. रागाचं रडू. मला तसलंच येतं.

आपा म्हणाली, "माया नेम माया नोयता वो. तुया मायनं लावून देल्ला."

मी हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

"मी आधी कुठीबी म्हनत होती. तुया मायनं पहिल्यांदा हे गानं म्हनलं ना, त्या दिवशी तिचं मनगट सुजून होतं. मी म्हनलं, बाई, हे तं मी आज बजारात म्हनतो, साऱ्याईले कळू दे लटारूजी काय चीज हाय. तिनं माहे पाय धरले. म्हने, आपा, इथी म्हनू नोको. त्याच्या कानावर गेलं तं तो माह्या पोरीची शाळा बंद करन. माह्यावर राग काढला तं चालते, पोरीवर नाई. मी म्हनलं, बरं, नाई म्हनत. तं म्हने, असं नाई. म्हन. पन दुसऱ्या गावात म्हन. जितकं दूर नेशीन तितकं नेय." आपानं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. "मंग मले वाटलं, बाकीच्या बायाईच्या घरीबी एखादा लटारू असनच. म्हनून साऱ्याईसाठी तोच नेम केला."

"ती गेल्यावर तरी सांगाचं."

"तुले? तेरवीच्या दिवसात?" आता तिला जुना राग चढला. "तू कशी हाय ते मले ठाऊक नाई का? तू इथून निंगाली असती तं सिधी बापाच्या भजनात जाऊन उभी राह्यली असती अन् माईकवर म्हनलं असतं. नाई म्हनलं असतं? सांग!"

मी खोटं काऊन बोलू? म्हटलंच असतं.

"मंग फीस कोन भरनार होतं तुई? मी? तुई माय तुया शिक्षनासाठी बारा वर्सं मार खाऊन चूप राह्यली, अन् मी एका गान्यापाई ते मातीत घालू? अकल हाय का तुले?" शिवी आली, पूर्वीसारखीच, अस्सल. आतून तिची बहीण म्हणाली, आपा, हळू. "काय हळू? इतकी मोठी नर्सीन झाली, अक्कल नाई!"

मी चप्पल काढून तिच्या खाटेजवळ खाली बसले. तिनं विचारलं, त्या बाया कितीक म्हनतात? मी पहिल्या दोन ओळी सांगितल्या. "तेवढंच? पुढचं विसरल्या रांडा." आणि तिनं म्हटलं. आवाज फाटला होता, दम पुरत नव्हता.

लटारूचं भजन गं, गाव सारा डोले
घरामंधी पाटा गं, तोबी नाई बोले

मी ओठ मिटून दळणारी माय पाहिली होती. मला वाटायचं, तिला काही म्हणायचंच नाही. ती सगळं पाहत होती. भजन, टाळ, डोलणारी माणसं, पाया पडणारी माणसं. चार ओळींत सारं बसवलं होतं तिनं, आणि वरून बायांना हसवलं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि बापाचा संताप आला, दोन्ही एकदम.

आपानं खाटेखालून डबा ओढला. डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून हिरव्या बांगड्या काढल्या. माझे हात तेव्हा मोकळेच असायचे, नर्सच्या कामात बांगड्या कुठं घालता येतात. "हात दे," ती म्हणाली. मी दिला. आवळलेला, दगडासारखा.

"गानं?"

"तेच."

"मंग म्हन."

मी सुरू केलं. लटारू हा शब्द आला तिथं माझा आवाज अडकला. साऱ्या जन्मात मी बापाचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, दवाखान्यातला तो एक दिवस सोडून. आपानं माझी बोटं दाबली. मी पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी मोठ्यानं, बहिणीच्या ओसरीवरून गल्लीत जाईल इतक्या मोठ्यानं. समोरच्या दुकानातला माणूस वळून पाहायला लागला. मी दुसरं कडवं म्हणत होते तेव्हा आपानं मान तिरकी केली, कान माझ्याकडं लावला, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं ते मला आधी कळलं नाही.

"गळा बापाचा हाय तुया," ती म्हणाली.

माझा आवाज बंद पडला. कुणी चपलेनं मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

"थांबली काऊन?" तिनं माझा हात हिसडला. "म्हन. जोरात म्हन. तुया मायच्या कामी लाव त्याले."